न्गोक लू ढोलाची प्रतिकृती: शाळेच्या कपाटात हवीच, पण सोबतचं कार्ड फेकून द्या

न्गोक लू हा व्हिएतनामच्या प्राचीन डोंग सॉन संस्कृतीचा प्रसिद्ध ढोल. त्याची ही २० सेंमी व्यासाची पितळी प्रतिकृती ऑनलाइन मिळते. मूळ ढोल कांस्याचा, ७९ सेंमी व्यासाचा आणि ६३ सेंमी उंच. तो हनोईच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहे.

पार्सल उघडल्याबरोबर वरची तबकडी तपासा. मधल्या ताऱ्याला १४ किरणं हवीत, आणि इथं ती १४च आहेत. माणसं, हरणं, लांब चोचीचे पक्षी असे सगळे घड्याळाच्या उलट दिशेनं चाललेले, तेही बरोबर. चूक कडेला आहे. तिथं चार बेडूक चिकटवलेत. बेडूक नंतरच्या काही ढोलांवर असतात, न्गोक लूवर नाहीत. मूळ ढोल खालून उघडा असतो. इथं पत्रा लावून बूड बंद केलंय, म्हणून ठोकलं की आवाज दबका येतो.

हिरवी झाक हा नुसता रंग आहे. पोळा-दिवाळीला भांडी घासतात तशी चिंच किंवा पितांबरी लावली, तर रेषांमधला रंग निघतो आणि पक्षी दिसेनासे होतात. कोरडं सुती फडकं पुरे.

खरा घोटाळा कार्डावर आहे. त्यात ढोल '४००० वर्षं जुना' म्हटलाय. तो आकडा हुंग राजांच्या, म्हणजे व्हिएतनामच्या पहिल्या मानल्या जाणाऱ्या राजांच्या, दंतकथेतला. डोंग सॉन संस्कृती साधारण अडीच ते दोन हजार वर्षांपूर्वीची. १९२४ मध्ये थान्ह होआ प्रांतात मा नदीकाठी ती उजेडात आली, तेव्हा फ्रेंच अभ्यासक कांस्यकामाचं हे कसब बाहेरून आलं असं मानत. व्हिएतनामच्या स्वातंत्र्यानंतर, १९५९ मध्ये फुंग न्गुयेन हे त्याहून जुन्या वस्तीचं स्थळ उत्तरेत सापडलं. तिथून डोंग सॉनपर्यंतचे स्थानिक टप्पे लागत गेले, हुंग राजांच्या कथेला जमिनीतला आधार मिळाल्याचं मानलं गेलं आणि ढोल राष्ट्राची खूण झाला. मुलांना नेमकं हेच सांगायला हवं. हा ढोल मुख्यतः उत्तरेचा. मध्य व्हिएतनामची प्राचीन सा हुइन्ह संस्कृती आणि तिथल्याच नंतरच्या चंपा या हिंदू राज्याची मंदिरं यात येत नाहीत, तेही नव्या कार्डावर लिहा.

ढोलाशेजारी नागपूरजवळच्या माहुरझरीच्या शिळावर्तुळांमधल्या प्राचीन दफनांतल्या, वर पक्षी बसवलेल्या तांब्याच्या झाकणाचा फोटो लावा. नागपूर-वर्ध्याकडच्या पोरांना शिळावर्तुळं रोज शेताच्या वाटेवर दिसतात. झाकणावरच्या पक्ष्यांवरून ढोलावरच्या पक्ष्यांकडे ती आपसूक वळतील. ऑर्डर करताना मात्र बिनबेडकाचा नग मागा.