आवाजी टायपिंगचं ॲप: वेग झकास, 'उ' आणि 'अ' मात्र सांभाळा

आमच्या पतसंस्थेची इतिवृत्तं मी हल्ली फोनवर बोलूनच लिहिते. ॲप फुकट आहे, भराभर लिहितं, 'थकबाकीदार', 'ठराव सर्वानुमते मंजूर' अगदी बिनचूक. घोटाळा होतो तो उपसर्गापाशी. मावळत्या अध्यक्षांसाठी 'आपले उपकार संस्था विसरणार नाही' म्हटलं, स्क्रीनवर 'आपले अपकार'! उपकार म्हणजे भलं, अपकार म्हणजे वाईट. बिचाऱ्यांनी वाचलं असतं तर? त्यावर कडी म्हणजे 'सभेनंतर उपाहार झाला' याचं 'अपहार झाला' केलं. पतसंस्थेच्या दप्तरात हे वाक्य! लेखापरीक्षकांनी वडा-चहाचा हिशेब सोडून भलतंच शोधायला घेतलं असतं. (बाकी 'उपहारगृह' अशा पाट्या माणसांनीच रंगवल्यात. उपहार म्हणजे भेट, खायचा तो उपाहार.) 'उप' म्हणून जरा थांबलं की 'उ' नीट येतो, पण मग 'उप कार' असं तोडून लिहितं. तरी पाचपैकी साडेतीन स्टार. पाठवण्याआधी एकदा वाचून घ्या, आणि विरामचिन्हं हातानंच द्या, ती त्याला अजिबात जमत नाहीत.