मुलांची स्पॅनिश: आठवड्याचा क्लास की ड्युअल लँग्वेजचा वर्ग?

टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात मूल किंडरगार्टनला जायचं झालं की आपल्या लोकांत हा विषय निघतोच. आमच्या थोरलीने शाळा सुटल्यावरचा स्पॅनिश क्लास केला, धाकटा ड्युअल लँग्वेजच्या वर्गात आहे, म्हणजे शाळेचे विषयच इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन भाषांत शिकतो. त्यामुळे दोन्ही जवळून पाहिलं. घरोघरची परिस्थिती वेगळी असते, हे आधीच सांगतो.

क्लासची सोय मोठी आहे. इंग्रजी वाचनाला धक्का लागत नाही, रविवारची मराठी शाळा सांभाळता येते आणि नाही जमलं तर सोडता येतो. थोरली आनंदाने जायची, बाईही प्रेमळ होत्या.

मला खटकलं ते एकच. दर ऑगस्टला नवी मुलं यायची, सगळ्या इयत्तांची एकत्र बसायची, आणि गाडी पुन्हा रंग, आकडे, आठवड्याचे वार इथूनच सुटायची. तिसरीत गेली तरी हिचं ‘रोहो, आसूल, वेर्दे’च चाललेलं. वस्तूंची नावं भरपूर यायची, पण शेजारच्या मेक्सिकन मैत्रिणीच्या आजीला ‘ती घरी आहे का’ एवढं विचारता यायचं नाही. संस्कृतीचंही तेच. मे महिन्यात सिंको दे मायोला कागदी सोंब्रेरो (मेक्सिकन टोप्या) व्हायचे, पण तो दिवस 1862 साली मेक्सिकोने पुएब्ला शहरात फ्रेंच सैन्याला हरवल्याचा आहे, हे कोणी सांगत नसे. मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन 16 सप्टेंबरला असतो, हे मुलीला कळलं ते धाकट्याकडून.

ड्युअल लँग्वेजमध्ये ही पुनरावृत्ती होऊच शकत नाही. गणित-विज्ञानच स्पॅनिशमध्ये चालतं. धडा पुढे सरकतो, तशी भाषाही सरकते. आमच्याकडे 90-10 पद्धत आहे: सुरुवातीला दिवसाचा नव्वद टक्के भाग स्पॅनिशमध्ये, चौथी-पाचवीपर्यंत निम्मं-निम्मं. युटासारख्या राज्यात पहिल्यापासून निम्मं-निम्मं असतं. वाचन ‘मा, मे, मी, मो, मू’ असं अक्षरगटांनी शिकवतात. बाराखडी म्हणणाऱ्या घरातल्या मुलाला ते पटकन जमतं असं मला वाटतं, निदान आमच्याकडे तरी जमलं.

शिवाय वर्गातली साधारण अर्धी मुलं स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतली. 1963 साली मायामीच्या कोरल वे शाळेत क्यूबन निर्वासितांची आणि इंग्रजी बोलणारी मुलं एकत्र बसवली, तेव्हापासूनची ही कल्पना. संस्कृती मग सोबत्यांकडूनच येते. पुपुसा (सारण भरलेली मक्याची भाकरी) एल साल्वादोरची, लोतेरियाचा खेळ मेक्सिकोचा, हे धाकट्याला डब्यातून आणि खेळातून कळलं. नोव्हेंबरात दिया दे मुएर्तोसला, म्हणजे मृतांच्या स्मरणाच्या सणाला, वर्गात ओफ्रेंदा (गेलेल्या माणसांसाठीची सजवलेली मांडणी) मांडतात. त्याने पणजोबांचा फोटो नेला. भोवती झेंडूची फुलं होती. हे फूल मूळचं मेक्सिकोकडचंच, हे ऐकून आमची आई थक्क झाली. दसऱ्याचं तोरण तिने आयुष्यभर त्याच फुलांचं केलंय.

त्रास नाही असं मुळीच नाही. पहिली-दुसरीत इंग्रजी वाचन मागे वाटतं आणि भारतातून फोनवर काळजीचे प्रश्न येतात. आमच्याकडे तिसरीच्या सुमारास ते भरून निघालं. गृहपाठ स्पॅनिशमध्ये असल्याने आई-बाबांना बसून शब्द शोधावे लागतात. आणि पाचवीपर्यंत टिकायची तयारी हवी. नोकरी किंवा व्हिसामुळे दोन वर्षांत गाव बदलायची शक्यता असेल, तर क्लासच बरा. अर्धवट सुटलेल्या ड्युअल लँग्वेजमधून मुलाच्या हाती फार लागत नाही. पण राहणार असाल आणि सोडतीत नंबर लागला, तर मी तरी ती जागा सोडणार नाही.

शाळा बघायला गेलात तर किंडरगार्टनचा सजवलेला वर्ग पाहून परतू नका. तिसरीच्या वर्गात थोडा वेळ बसू द्या म्हणून विनंती करा. मुलं आपापसांत इंग्रजी बोलतील, ते चालायचंच. बाईंनी गणितात ‘असं का?’ विचारल्यावर मराठी, तेलुगू, इंग्रजी घरांतली मुलं स्पॅनिशमध्ये कारण सांगतात का, तेवढं ऐका.