चोडण आणि कुंभारजुवे: पणजीजवळच्या दोन जलसफरी

पणजीपासून थोड्याच अंतरावर वन्यजीव पाहण्यासाठी दोन जलसफरी होतात. एक चोडण बेटावरील डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात वल्ह्याच्या होडीतून, आणि दुसरी कुंभारजुवे कालव्यात मगरी पाहण्यासाठी. जानेवारीतील पौर्णिमेनंतरच्या पाच-सहा दिवसांत मी दोन्ही केल्या, त्यातही मगरींची सफर दोनदा केली. आणखी कोणी जाणार असेल तर त्याने तिकीट काढण्यापूर्वी त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा जरूर पाहाव्यात, कारण पक्ष्यांच्या होडीला भरती लागते आणि मगरींना ओहोटी.

कालव्यातील पहिल्या सफरीत नेमके हेच चुकले. मांडवी आणि जुवारी या नद्यांना जोडणारा हा कालवा सुमारे 15 किलोमीटर लांब असून, मचूळ पाण्यात राहणाऱ्या मगरींसाठी तो ओळखला जातो. मगर स्वतःच्या शरीरात पुरेशी उष्णता निर्माण करू शकत नाही, म्हणून हिवाळ्यातील सकाळी ती काठच्या उघड्या चिखलावर ऊन घेत पडून राहते. आमच्या सफर-चालकाने (नाव येथे देत नाही) पर्यटकांच्या सोयीची सकाळी साडेदहाची वेळ ठरवली होती, आणि ती नेमकी भरतीची होती. चिखलाचे काठ पूर्ण बुडालेले, इंजिनाचा आवाज अखंड चालू, आणि शेवटी उंचवट्यावर दिसलेल्या एकुलत्या एका मगरीजवळ छायाचित्रांसाठी बोट इतकी नेली की ती तत्काळ पाण्यात शिरली. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असलेल्या प्राण्याला त्याच्या उन्हाच्या जागेवरून असे हुसकावणे मला मनापासून खटकले. त्याच तिकिटात जुन्या गोव्याची धावती भेटही होती, परंतु बॉम जेझूस बॅसिलिका आणि से कॅथेड्रल मिळून पाऊण तासात उरकायच्या वास्तू नाहीत. त्या वेगळ्या दिवशी सावकाश पाहाव्यात.

दुसऱ्या दिवशी रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला गेलो. 1988 साली घोषित झालेले हे अभयारण्य जेमतेम 1.78 चौरस किलोमीटरचे आहे, त्यामुळे मोठ्या जंगलाची अपेक्षा ठेवून जाऊ नये. भरती दुपारी बाराच्या आसपास पूर्ण होणार होती आणि होडी त्याच बेताने सोडण्यात आली, कारण पाणी चढल्याखेरीज आतल्या अरुंद ओहोळांत होडी शिरतच नाही. दोन्ही बाजूंनी खारफुटीच्या फांद्या डोक्यावर आल्यावर नावाड्याने वल्हे उचलून होडी नुसती वाहू दिली, आणि त्या शांततेत गळ्याभोवती पांढरा पट्टा असलेला कॉलर्ड खंड्या आमच्यापासून चार हातांवर बराच वेळ बसून राहिला. चिखल बुडाल्यामुळे त्यावर चरणारे बगळे आणि तुतारही फांद्यांवर येऊन बसले होते. एरवी त्यांना दुर्बिणीतून पाहावे लागते. नावाड्याने तिवर या खारफुटीच्या झाडाचे पान न तोडता हलकेच उलटे करून त्यावर साचलेले मिठाचे कण दाखवले, आणि कांदळ या दुसऱ्या खारफुटीच्या फांदीला लोंबणाऱ्या लांब शेंगेसारख्या भागाकडे बोट करून सांगितले की, हे झाडावरच रुजलेले रोप असून ते पुढे खाली चिखलात पडून वाढते. पाठ केलेल्या माहितीचा लवलेशही त्याच्या बोलण्यात नव्हता.

फेरी संपल्यावर मी लगेच परतलो नाही, काठच्या पायवाटेवर दोन तास थांबलो. पाणी उतरू लागताच तिवराच्या श्वसनमुळांची टोके एकेक करून वर आली आणि त्यांच्यामधून निवटे, म्हणजे चिखलावर वावरणारे छोटे मासे, उड्या मारू लागले. होडीतून हे दिसले नसते.

चौथ्या दिवशी सकाळी साडेआठच्या सुमारास ओहोटी होती. एका स्थानिक नावाड्याला आधी विचारून मी पुन्हा कालव्यावर गेलो. त्याने दूरवरच इंजिन बंद केले, होडी प्रवाहावर सोडली आणि आम्हाला उभे राहू दिले नाही. तासाभरात चार मगरी दिसल्या. त्यातील सर्वांत मोठी जबडा उघडा ठेवून पडली होती आणि आम्ही पुढे निघून जाईपर्यंत जागची हलली नाही. फोंडा तालुक्यातील खाजन शेतीच्या (बांध घालून खारे पाणी अडवलेल्या खाडीकाठच्या शेतीच्या) काही गावांत पौष महिन्यात चिखलाची मगर करून तिची पूजा करतात, त्याला माणगे थापणी म्हणतात, हेही त्यानेच सांगितले. तो हे सांगत असताना समोरच्या चिखलावर खरी मगर पडलेली होती, आणि तिच्याशी असलेले या लोकांचे जुने नाते मला त्या क्षणी फार जवळून जाणवले.

चोडणच्या होडीला मी पूर्ण गुण देईन. कालव्यावर मात्र चालक निवडताना एकच प्रश्न विचारावा: उद्या ओहोटी किती वाजता आहे? ज्याला हे तोंडपाठ असेल, त्याच्या होडीत बसावे. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असल्याने चोडणच्या ओहोळांत पाणी कमी चढते, म्हणून तेथे पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस निवडावेत, आणि डोक्यावर टोपी ठेवावी, कारण होडीला छत नसते.