स्पेनमधलं गावाकडचं स्वस्त घर: सगळं खरं असूनही फसवणूक कशी होते

स्पेनच्या आंदालुसिया प्रांतात, मालागाच्या पूर्वेकडच्या अक्सार्किया डोंगरांत आणि आल्मेरियातल्या आल्मान्सोरा खोऱ्यात, ऑलिव्ह-बदामाच्या बागांमधली पांढरी घरं लाख-सव्वा लाख युरोला जाहिरातीत दिसतात. तीन खोल्या, पोहण्याचा तलाव, वीज, पाणी, भोवती जमीन. फोटो खरा असतो, घर खरं असतं, विकणारा खरोखरच मालक असतो आणि नोटरीसमोर सह्याही रीतसर होतात. तरीही घेणारा फसतो, कारण त्याने जे विकत घेतलं ते कागदावर घर नसतंच.

तिथे एका मिळकतीची माहिती तीन दारांत विखुरलेली आहे. मालकी आणि कर्ज-बोजा मालमत्ता नोंदणी कार्यालयात. नकाशा आणि कराची आकारणी ‘कातास्त्रो’त, म्हणजे मिळकतींची मोजणी आणि करनोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्यात. आणि बांधकाम कायदेशीर आहे का, याचं उत्तर फक्त ‘आयुंतामिएंतो’कडे, म्हणजे त्या गावच्या पालिकेकडे. नोटरी मुख्यतः पहिल्या दोन गोष्टी बघतो. तिसरीची हमी देणं हे त्याचं काम नाही. आपल्याकडेही दस्त नोंदला गेला म्हणून इमारत अधिकृत ठरत नाही, हे पुण्या-ठाण्यात कितीतरी लोक शिकले आहेत. परदेशात गेल्यावर मात्र ‘युरोपात असं होत नाही’ असं धरून चालणारे फार भेटतात, आणि दलाल नेमके तेच ओळखतात.

खेळ परवान्यापासून सुरू होतो. जमीन ‘रुस्तिको’ म्हणजे शेतीची. तिच्यावर राहतं घर बांधायला परवानगी मिळणं अवघड, पण अवजारांच्या छोट्या खोलीला (‘कासा दे आपेरोस’) मिळू शकते. मग परवाना निघतो खोलीचा आणि उभं राहतं तिच्या चार-पाच पट मोठं घर. तलावाला परवानगी मिळणार नाही, म्हणून तो ‘आल्बेर्का’, म्हणजे शेतीच्या पाण्याची टाकी, म्हणून दाखवला जातो. दलालाच्या तोंडी या शब्दांचा उल्लेखही येत नाही. कागदावर मात्र ते असतात.

म्हणून पहिलं काम ‘नोटा सिंप्ले’ काढण्याचं. हा नोंदणी कार्यालयाचा उतारा आहे. ऑनलाइन साधारण 10 ते 11 युरोत मिळतो. मालक कोण, वर्णन काय, गहाण किंवा जप्ती आहे का, हे त्यात असतं. दलालाने पाठवलेली प्रत चालवून घेऊ नका. स्वतः काढा, आणि सहीच्या आदल्या दिवशी पुन्हा काढा, कारण मधल्या काळात त्यावर नवा बोजा चढू शकतो. वर्णनात ‘आल्मासेन’ (गोदाम) किंवा ‘आपेरोस’ शब्द दिसला तर तिथेच थांबा. मग 20 अक्षरी ‘रेफेरेंसिया कातास्त्राल’ क्रमांक टाकून कातास्त्रोच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट नकाशा बघा: बांधकामाचं क्षेत्रफळ, वापर, वर्ष. दोन्ही कागदांतले आकडे आणि प्रत्यक्ष मोजमाप यांत फरक असेल, तर तो का आहे हे विकणाऱ्याने लेखी सांगायला हवं. देशाच्या भौगोलिक संस्थेची जुनी हवाई छायाचित्रंही फुकट बघता येतात. ‘हे घर तीस वर्षं जुनं आहे’ या दाव्याची शहानिशा तिथे दहा मिनिटांत होते.

नोंदणीत घर दिसलं म्हणजे सुटलो, असंही नाही. सगळ्यात चलाख फसवणूक इथेच आहे. स्पेनचा कायदा जुन्या बांधकामाची नोंद ‘आंतिग्वेदाद’वर, म्हणजे केवळ वयाच्या आधारे करू देतो. पाडण्याची कारवाई करायची सरकारची मुदत उलटली आहे असा तंत्रज्ञाचा दाखला जोडला की परवाना नसतानाही घर नोंदणीत चढतं. ही नोंद म्हणजे परवाना नव्हे. विकणारा मात्र तोच उतारा फडकावून ‘घर पूर्ण कायदेशीर’ म्हणतो, आणि शब्दशः बघितलं तर खोटा कागद एकही दाखवत नाही.

खरी कसोटी पालिकेच्या कागदाची. 1975 च्या मे महिन्याआधी पूर्ण झालेलं शेतातलं घर साधारणपणे कायदेशीर धरलं जातं, मात्र नंतर त्यात वाढ झालेली नसावी. बहुतेक घरांत झालेली असते. त्यानंतरच्या विनापरवाना घरांसाठी ‘आफो’ नावाचा दाखला आहे. कारवाईची सहा वर्षांची मुदत उलटली असेल आणि घर राहण्यायोग्य असेल तर पालिका तो देते. सध्या हे आंदालुसियाच्या 2021 च्या ‘लिस्ता’ या जमीन-वापर कायद्याखाली चालतं. आफो मिळाला की वीज-पाण्याची जोडणी मागता येते, दुरुस्ती करता येते, पण वाढीव बांधकाम करता येत नाही. संरक्षित क्षेत्र, सार्वजनिक जमीन, पुराचा किंवा दरड कोसळण्याचा धोका असलेली जमीन यांना सहा वर्षांचा हा आधार मिळत नाही; तिथे कारवाईला मुदतच नाही. ‘आफोसाठी अर्ज केलाय, महिन्याभरात मिळेल’ हे वाक्य ऐकलं तर उत्तर एकच: मिळू द्या, मग पैसे. मिळण्यासारखा असेल तर विकणाऱ्याने तो आधीच काढून ठेवला असता.

पालिकेने परवाना दिलाय म्हणून निर्धास्त व्हावं, तर त्यालाही अपवाद आहे. आल्मेरियातल्या वेरा गावात एका ब्रिटिश जोडप्याने पालिकेच्या परवान्यानेच घर बांधलं. प्रांतिक सरकारने तो परवाना रद्द करवला आणि जानेवारी 2008 मध्ये घर जमीनदोस्त झालं. त्यानंतर 2015 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली: प्रामाणिकपणे खरेदी करणाऱ्याच्या भरपाईची हमी घेतल्याशिवाय न्यायालयाने पाडकाम करू नये, अशी तरतूद आली. ती दिलासादायक आहे, पण ती मिळवायला वर्षानुवर्षं वकील लावून बसावं लागतं.

जमिनीतली फसवणूक मराठी वाचकाला लगेच कळेल, कारण ती गुंठेवारीच आहे. शेतजमिनीचे ठराविक आकाराखाली तुकडे करता येत नाहीत. कोरडवाहूसाठी बऱ्याच तालुक्यांत ही मर्यादा अडीच-तीन हेक्टर आहे. मग विकणारा तुकडा विकतच नाही. तो ‘प्रोइंदिविसो’, म्हणजे अविभक्त हिस्सा विकतो: एकूण जमिनीचा आठवा भाग, आणि सोबत खाजगी कागदावर आखलेला ‘तुमचा’ कोपरा. नोंदणीत तुमची सीमा कुठेच नसते. उरलेल्या सात जणांपैकी कुणी कर्ज बुडवलं की त्याच्या हिश्श्यावर जप्ती येते आणि एक अनोळखी सहमालक तुमच्यासोबत येऊन बसतो. कुणी वाटणीचा दावा लावला तर सगळीच जमीन विक्रीला निघू शकते. उताऱ्यात मालकीसमोर 100 टक्क्यांऐवजी अपूर्णांक दिसला तर ते घर सोडून द्या. इथे आम्ही मध्यम मार्ग सुचवत नाही.

वीज तपासताना दिवा लावून बघणं पुरेसं नाही. बिल मागा. करार ‘लुस दे ओब्रा’ असेल तर ती बांधकामापुरती तात्पुरती जोडणी आहे. ती कापली जाऊ शकते, आणि परवान्याशिवाय कायमची मिळत नाही. विहिरीबाबत विचारा की ती जल-नोंदवहीत आहे का. स्वतःच्या जमिनीवर वर्षाला 7,000 घनमीटरपर्यंत पाणी घेता येतं, पण तेही नोंदवूनच. टँकरवर चालणारं घर असेल तर ऑगस्टचा खर्च आधी विचारा.

आता पैसे कुठे जातात ते. पहिल्या भेटीतच ‘रेसेर्वा’, म्हणजे घर राखून ठेवण्याची रक्कम, म्हणून तीन ते सहा हजार युरो मागतात, ‘उद्या एक डच जोडपं येतंय’ म्हणून. मग ‘आरास’, म्हणजे बयाण्याचा करार, सहसा 10 टक्के. नागरी संहितेच्या कलम 1454 नुसार केलेल्या आरासमध्ये खरेदीदार मागे हटला तर रक्कम जाते, विकणारा हटला तर दुप्पट परत करतो. म्हणून करारात स्पष्ट अट हवी: कायदेशीरपणाचा दाखला किंवा आफो न मिळाल्यास रक्कम पूर्ण परत. ही अट लिहायला नकार देणाऱ्याशी व्यवहार नको. वकील दलालाने सुचवलेला नको. मुखत्यारपत्र द्यावंच लागलं तर त्यात एकच मिळकत आणि कमाल किंमत लिहा, ‘सर्व व्यवहारांसाठी’ असं नको. खातेक्रमांक बदलल्याचा ईमेल आला तर आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करा. विकणारा स्पेनचा रहिवासी नसेल तर किमतीच्या 3 टक्के कापून महिन्याभरात करखात्यात भरणं खरेदीदाराची जबाबदारी आहे. न कापता पूर्ण रक्कम दिली तर विकणाऱ्याच्या करापायी मिळकत अडकते.

भारतीय पासपोर्टवाल्यांना आणखी दोन गोष्टी लागू होतात. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीजवळचा कादिस, कार्ताहेना अशा संरक्षणदृष्ट्या संवेदनशील पट्ट्यांत युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकांना शेतजमिनीसाठी लष्करी परवानगी लागते, आणि ती नसेल तर नोंदणी अडते. दुसरी म्हणजे, घर घेतल्यावर मिळणारा ‘गोल्डन व्हिसा’ 3 एप्रिल 2025 पासून बंद आहे. त्याचं आमिष अजूनही कुणी दाखवत असेल तर तेवढ्यावरून त्याची पारख करा. साध्या व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं.

भारतातून पैसे पाठवायचे तर रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली (एलआरएस) माणशी वर्षाला 2.5 लाख डॉलर, आणि 10 लाख रुपयांवरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक वसूल करते तो आगाऊ कर, जो विवरणपत्रात वळता होतो. ‘थोडे दुबईतल्या खात्यात द्या, दस्तात किंमत कमी दाखवू’ असं कुणी म्हटलं तर ते बचतीचं आमिष नव्हे, तुमचं तोंड बंद करण्याची सोय आहे. उद्या तक्रार करायची झाली तर दस्तातली कमी किंमतच तुमचा दावा ठरेल. भारतात रहिवासी असणाऱ्याने ते घर विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात दाखवलं नाही तर काळा पैसा कायद्याखाली 10 लाखांचा दंड आहे.

फसवणूक लक्षात आली तर तोंडी बोलणी थांबवा. विकणाऱ्याला आणि दलालाला ‘बुरोफाक्स’ पाठवा. मजकूर आणि पोहोच दोन्ही सिद्ध होणारं ते टपालखात्याचं पत्र न्यायालयात पुरावा म्हणून चालतं. छुप्या दोषांचा दावा ताबा मिळाल्यापासून सहा महिन्यांतच करावा लागतो. फसवून संमती घेतल्याच्या कारणावरून करार रद्द करून घ्यायला चार वर्षं मिळतात. म्हणून ताबा घेतल्याच्या पहिल्याच आठवड्यात पालिकेत जाऊन त्या घरावर कारवाईची फाइल उघडलेली आहे का, हे लेखी विचारा. उत्तर यायला वेळ लागतो, आणि सहा महिने तेवढ्यात संपतात.