मीटबॉलसाठी डबाबंद अननस: रसातला घ्यावा की पाकातला?

आधी निकाल सांगतो. अननसाच्या आंबटगोड मीटबॉलसाठी चकत्यांचा, अननसाच्या रसातला डबा घ्या. पाकातला डबा चालतो, पण मग सॉसचं प्रमाण बदलावं लागतं. तुकड्यांचा डबा ठीक. अगदी बारीक केलेल्या, म्हणजे क्रश्ड अननसाचा डबा या पदार्थासाठी नकोच. आणि बाजारात अननसाचा मोसम ऐन भरात असला तरी इथे ताजं फळ वापरू नका.

ताज्या फळाला नकार द्यायचं कारण ब्रोमेलिन. अननसातलं हे विकर (एन्झाइम) प्रथिनं तोडतं. ताजा अननस दह्यात घालून ठेवला की रायतं कडवट लागतं आणि जिलेटिनची जेली घट्टच होत नाही, ती याच विकरामुळे. मीटबॉल म्हणजे तर बांधलेली प्रथिनंच. ताज्या फोडी आणि खिम्याचे गोळे काही वेळ एकत्र राहिले तर गोळ्यांचा बाहेरचा थर पिठूळ, बुळबुळीत होतो आणि चमचा लागताच सुटतो. डबा सीलबंद झाल्यावर उष्णता देऊन निर्जंतुक करतात, त्यात ब्रोमेलिन निष्क्रिय होतं. म्हणून या पदार्थात डबा ही तडजोड नाही, तोच योग्य जिन्नस आहे. ताजंच फळ हाताशी असेल तर फोडी पाच मिनिटं चांगल्या उकळून घ्या आणि मगच कढईत घाला.

अननस आणि मांस ही चवीची जोडीही डब्याबरोबरच पसरली. जेम्स डोल यांनी १९०१ मध्ये हवाईतल्या ओआहू बेटावर अननसाची कंपनी काढली. १९११ मध्ये त्यांनी हेन्री जिनाका यांना नेमलं आणि जिनाकांनी अननसाचं साल व दांडा झटपट काढणारं यंत्र तयार केलं. चकतीच्या मधलं भोक म्हणजे त्या काढलेल्या दांड्याची जागा. अमेरिकी घरांत डबा पोचला आणि अननस, ढोबळी मिरची, सोया सॉस, व्हिनेगर व ब्राऊन शुगर हा मेळ ‘हवाईयन’ नावाने रुळला. आज डबाबंद अननसाच्या निर्यातीत थायलंड आणि फिलिपिन्स आघाडीवर आहेत.

डबा हातात घेतल्यावर पुढच्या चित्राकडे नाही, मागच्या लेबलकडे बघा. तिथे दोन वजनं असतात: निव्वळ वजन आणि ड्रेन्ड वेट, म्हणजे द्रव निथळल्यावर उरणाऱ्या फळाचं वजन. ८५० ग्रॅमच्या डब्यात निथळून ४८० ते ४९० ग्रॅम फळ निघालं तर माल चांगला. ४५० च्या खाली असेल तर तुम्ही पाण्याचे पैसे देताय. फुगलेला डबा घ्यायचाच नाही. वरच्या-खालच्या कडेवर किंवा उभ्या जोडावर पोचा असेल तर तोही परत ठेवा.

चांगल्या डब्यातली चकती उचलून किंचित वाकवली तर मोडत नाही, नुसती लवचते. केंद्राकडून कडेपर्यंत जाणारे धागे स्पष्ट दिसतात, रंग एकसारखा फिकट पिवळा असतो. कडेला तपकिरी ठिपके दिसले तर ते सालाचे राहून गेलेले डोळे. सुरीच्या टोकाने काढा, नाहीतर घशात खवखवतात. चकती हातात घेतानाच तुटून लगदा होत असेल तर फळ फार पिकलेलं होतं किंवा जास्त शिजलं. तो माल शिऱ्याला वापरा, कढईत टिकणार नाही.

आता रस की पाक. सगळ्यांना वाटतं फरक साखरेचा आहे. तो आहे, पण वाटतो तेवढा नाही. अननसाच्या रसात स्वतःचीच साधारण १३-१४ टक्के साखर असते आणि घट्ट पाकात वीस टक्क्यांच्या आसपास. २०० मि.ली. द्रवात हा फरक जेमतेम एक टेबलस्पून साखरेचा. खरा फरक आंबटपणाचा. रसात फळाचं आम्ल आणि वास पुरेपूर असतो, पाकात साखरेच्या पाण्यामुळे दोन्ही पातळ होतात. म्हणूनच पाकातल्या डब्याचा सॉस नुसता गूळ कमी करून सुधारत नाही. गूळ निम्मा करा आणि व्हिनेगर ४५ ऐवजी ६० मि.ली. घ्या. तरीही अननसाचा दरवळ थोडा कमीच येतो. रसातला डबा महाग पडतो, पण इथे द्रवाचाही थेंब न् थेंब सॉसमध्ये जातो, त्यामुळे तो खर्च वसूल होतो.

चकत्याच का? कारण त्या तव्यावर भाजता येतात. फडक्याने कोरड्या करा, कडकडीत तापलेल्या तव्यावर तेलाचा हात फिरवून दोन्ही बाजूंनी मिनिटभर भाजा, मग प्रत्येकीचे आठ तुकडे करा. कडा तपकिरी झाल्या की डब्याचा शिजकट वास जातो. पाकातल्या चकत्या लवकर करपतात, तिथे आच मध्यम ठेवा.

गोळ्यांसाठी ५०० ग्रॅम खिमा. चिकन असेल तर बोनलेस लेगचा मागा, छातीच्या मांसाचा गोळा कोरडा होतो. आपल्याकडे सगळ्यात जास्त बिघडतं ते खिमा धुतल्यामुळे. धुतलेला खिमा पाणी धरून ठेवतो, मग गोळा वळला जात नाही आणि कढईत पाणी सोडतो. मांस आधी धुऊन, पुसून मग खिमा करून घ्या. धुतलेलाच असेल तर अर्धा तास चाळणीत निथळू द्या आणि मुठीने दाबून काढा.

कडा काढलेल्या पांढऱ्या ब्रेडच्या दोन स्लाइस ६० मि.ली. दुधात भिजवून कुस्करा. त्यात एक अंडं, चपटा चमचाभर मीठ, अर्धा चमचा मिरपूड, चमचाभर आलं-लसूण आणि मूठभर पातीचा कांदा घाला. खिमा सगळ्यात शेवटी. बोटांनी हलकेच, जेमतेम मिसळेपर्यंतच कालवा. कणकेसारखा मळला तर गोळे रबरासारखे चिवट होतात. ब्रेड कोरडा राहिला तर ते तडकतात. मिश्रण अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा आणि ओल्या हाताने २५ ग्रॅमचे गोळे वळा. पंचवीस-सव्वीस होतात.

भाजायला आप्पेपात्रासारखं भांडं नाही. २५ ग्रॅमचा गोळा खळग्यात नीट बसतो, आकार मोडत नाही, तेल खळग्यामागे थेंबभर पुरतं. मध्यम आचेवर झाकून चार मिनिटं, उलटून तीन-चार मिनिटं. ओव्हन असेल तर २०० अंशांवर साधारण पंधरा मिनिटं. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर चिकनच्या गोळ्याच्या मध्यभागी ७४ अंश दिसले पाहिजेत. नसेल तर एक गोळा फोडून बघा, आत गुलाबी नको.

सॉससाठी डब्यातला २०० मि.ली. रस, ४० ग्रॅम किसलेला गूळ, ४५ मि.ली. पांढरं व्हिनेगर, दोन टेबलस्पून सोया सॉस, दोन टेबलस्पून टोमॅटो केचप, चमचाभर किसलेलं आलं. घट्टपणासाठी दीड टेबलस्पून कॉर्नफ्लोअर तीन टेबलस्पून गार पाण्यात कालवून. इथे एक इशारा: आपण ज्याला कॉर्नफ्लोअर म्हणतो ते अमेरिकेत कॉर्नस्टार्च नावाने मिळतं. तिथे कॉर्न फ्लोअर मागितलं तर मक्याचं पीठ हातात येईल आणि सॉसचं पिठलं होईल. मूळ कृतीतल्या ब्राऊन शुगरऐवजी गूळ छान बसतो, कारण दोन्हीत मळीची चव आहे. फक्त रसात विरघळवून गाळून घ्या. गोव्यातलं माडाचं व्हिनेगर मिळालं तर सोडू नका, सॉस किंचित गढूळ दिसतो पण आंबटपणा जास्त गोल लागतो.

एका कांद्याच्या पाकळ्या आणि दोन ढोबळ्या मिरच्यांचे चौकोनी तुकडे मोठ्या आचेवर दोन मिनिटं परतून काढून ठेवा. त्याच कढईत रस, गूळ, सोया, केचप आणि आलं उकळा, मग व्हिनेगर, मग ढवळत ढवळत कॉर्नफ्लोअर. उकळी फुटल्यावर एकच मिनिट. कमी उकळलं तर कच्चं पीठ लागतं, फार उकळलं तर आम्लामुळे स्टार्च तुटून सॉस परत पातळ होतो. ‘मघाशी घट्ट होता, आता पाणी का झालं’ याचं उत्तर बहुधा हेच असतं. गोळे घालून मंद आचेवर तीन-चार मिनिटं, शेवटी भाज्या आणि अननस, आणि गॅस बंद.

बाटलीतल्या तयार स्वीट अँड सावर सॉसच्या भानगडीत पडू नका. तो आधीच घट्ट आणि गोड असतो, डब्यातला रस घातला की पातळ होतो आणि रस न घालावा तर अननसाची चवच येत नाही. फ्रोझन तयार मीटबॉल मात्र घाईच्या दिवशी चालतील. त्यांत मीठ जास्त असतं, म्हणून सोया सॉस निम्मा करा.

सोबत भात. हवाईतही तो किंचित चिकट दाण्याचाच वाढतात, त्यामुळे आपला इंद्रायणी बासमतीपेक्षा इथे जास्त शोभतो, सॉस दाण्याला धरून राहतो. ८५० ग्रॅमच्या डब्यातल्या साधारण सहा चकत्या या प्रमाणाला पुरतात. उरलेल्या चकत्या आणि रस डब्यातच ठेवून फ्रीजमध्ये ढकलू नका. डबा उघडल्यावर हवा आणि आम्ल मिळून आतला कथील विरघळू लागतो, चवीला धातूचा कस येतो. काचेच्या बरणीत काढा आणि तीन-चार दिवसांत संपवा. गोळे पुढच्या आठवड्यासाठी करून ठेवायचे असतील तर सॉसशिवाय, भाजून, पूर्ण गार करून फ्रीझरमध्ये टाका. कॉर्नफ्लोअरचा सॉस गोठवला की वितळताना पाणी सोडतो, तो त्या दिवशी ताजाच करा, दहा मिनिटांत होतो.