घरच्या साहित्यातून धावणारी स्प्रिंगची गाडी : एका संचाचा अनुभव

भाच्यासाठी मागवलेल्या या संचात स्प्रिंग, दोरा आणि सूचनापत्रक एवढेच मिळते. चाकांसाठी बाटल्यांची झाकणे, आसांसाठी बांबूच्या काड्या, त्या मोकळेपणाने फिराव्यात म्हणून स्ट्रॉचे तुकडे आणि सांगाड्यासाठी जाड पुठ्ठा आपणच शोधायचा, आणि मला तरी हीच त्याची जमेची बाजू वाटली. उंदराच्या सापळ्यात असते तशी ही पिळाची स्प्रिंग आहे. तिच्या दांडीला बांधलेला दोरा मागच्या आसावर गुंडाळत दांडी मागे आणायची. ती सोडताच दोरा उलगडतो, आस फिरतो आणि गाडी पुढे सरकते. पीळ दुप्पट दिला की साठणारी ऊर्जा चौपट होते, हे भाच्याला शब्दांपेक्षा फरशीवरच अधिक लवकर उमगले.

सूचनापत्रक मात्र निराश करते. त्यात दोरा आसाला घट्ट बांधण्यास सांगितले आहे, परंतु तसे केल्यास दोरा संपताच तो उलट्या बाजूने गुंडाळला जातो आणि गाडी अडते. त्याऐवजी आसावरच्या बारीक खुंटीत दोऱ्याचा फास नुसता अडकवला, तर तो आपोआप सुटतो. गुळगुळीत झाकणे जागच्या जागी घसरतात, यावरही पत्रकात अवाक्षर नाही. जुन्या फुग्याच्या पट्ट्या मागच्या चाकांवर चढवल्यावर आमची अडचण दूर झाली. स्प्रिंग जोरकस असल्याने ती ताणण्याचे काम मोठ्यांनीच करावे.