पंक्चरवाल्याने टायरला भोकं पाडली, वर पत्राही वाकवला

पुण्याहून कोल्हापूरला जाताना कराडच्या अलीकडे पुढच्या डाव्या चाकातली हवा कमी झाली. कडेच्या टपरीवर गाडी घेतली. "मालक, तुम्ही चहा घ्या तवर," असं म्हणत एकाने ट्रॉली जॅक सरकवला. आईला उतरवून सावलीत बसवेपर्यंत गाडी वर गेली होती.

वळून पाहतो तर टायरवर साबणाचं पाणी आणि चार ठिकाणी बुडबुडे. चार पंक्चर, प्रत्येकी दोनशे. एका भोकात खिळा होता, ते खरं. बाकीची तिन्ही कोरी, ताजी आणि त्याच्या हातातल्या टोच्याच्याच जाडीची. अशी भोकं घेऊन ट्यूबलेस टायर पुण्यापासून इथपर्यंत आला असता का? हेच विचारलं तर आणखी दोघं येऊन उभे राहिले. आई सोबत होती. आठशे रुपये दिले आणि निघालो.

त्याहून मोठं नुकसान कोल्हापुरात दिसलं. दाराखाली दोन पत्रे जोडून जी उभी कड येते, ती आत दुमडली होती आणि रंग उडून पत्रा उघडा पडला होता. बहुतेक गाड्यांना पुढच्या चाकामागे आणि मागच्या चाकापुढे या कडेवर दोन-दोन खाचा असतात. जॅक लावायचा तो त्या दोन खाचांच्या मध्येच. मॅन्युअलमध्ये चित्र असतं. याने वीतभर मागे, तेही उघड्या लोखंडी बशीवर गाडी उचलली होती. मधे जाड रबर हवं. आणखी आत लागला असता तर ब्रेकचा पाइपच चेपला असता. फोन केला तर म्हणे, "आधीचंच असंल, फोटो दाखवा."

इथल्या एका गॅरेजने अख्खा रनिंग बोर्ड, म्हणजे दाराखालचा लांब पत्रा, कापून बदलायला सांगितला, "इन्शुरन्समधून बसवू" म्हणत. एवढ्याशा कामाला क्लेम करू नका. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे १००० रुपये आपल्या खिशातून जातात, शिवाय नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. तो २० पासून ५० टक्क्यांपर्यंत असतो. ओळखीच्या जुन्या डेंटरने ब्रेकचा पाइप तपासला, कड सरळ केली आणि प्राइमर मारून वर अंडरकोटिंग केलं. पावसाळ्याआधी हे केलंच पाहिजे, नाहीतर तिथूनच गंज धरतो.

प्रवासात असाल तर चहाला जाऊ नका, चाकापाशी उभे राहा. जॅक लावण्याआधी दाराखालच्या कडेचा फोटो काढा. जमीन सपाट आणि टणक हवी. सगळे खाली उतरलेले, हँडब्रेक ओढलेला, गाडी पहिल्या गिअरमध्ये, तिरक्या समोरच्या चाकाला दगड. नट गाडी उचलण्याआधीच थोडे सैल करायचे. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका, कुणाला घालू देऊ नका. साबणाचं पाणी तुमच्यासमोर आणि टोच्या हातात घेण्याआधी टाकायला लावा. पैसे यूपीआयने द्या, म्हणजे पुरावा राहतो; ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.